मॉरोविंड स्पीडरन : दमाचा हिशोब, एक तासाची विश्रांती आणि 14:38

मंडळी, स्पीडरन म्हणजे खेळ शक्य तितक्या कमी वेळात संपवणं, आणि त्यातला प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक रन. मागच्या वेळी माझी वेळ 19:52 (मिनिटं आणि सेकंद) वर अडकली होती. काल रात्री 14:38 झाली. सगळं थांबवून आधी हे लिहून काढतेय, कारण या पाच मिनिटांतली निम्मी अशा जागी सापडली जिथे मी महिनाभर बघितलंसुद्धा नव्हतं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. मॉरोविंड 2002 चा खेळ आहे, एल्डर स्क्रोल्स मालिकेतला तिसरा. सेडा नीन नावाच्या दलदलीतल्या बंदरावर कैदी म्हणून तुम्हाला जहाजातून उतरवतात. रीतसर खेळलं तर पुढे बाल्मोरा शहरात कायस कोसेडीस या हेराला भेटायचं, कॉर्परसची लागण झेलायची, घराण्यांची आणि अ‍ॅशलँडर टोळ्यांची मान्यता मिळवायची, मग विवेक या देवाकडून रेथगार्ड हा हातमोजा घ्यायचा आणि शेवटी रेड माउंटन या ज्वालामुखीच्या पोटात डॅगोथ उर या खलनायकाला गाठायचं. यात पन्नासेक तास सहज जातात. पण तिथल्या लोर्खान या देवाच्या हृदयावर आधी सन्डर हा हातोडा आणि मग कीनिंग ही सुरी चालवली की खेळ संपतो, आणि तिथे पोचेपर्यंत तुम्ही कोणाला भेटलात हे खेळ कुठेही विचारत नाही. रेड माउंटनभोवतीच्या कुंपणातलं घोस्टगेटचं फाटक बटण दाबलं की उघडतं. आतल्या ओड्रोसाल किल्ल्याच्या मनोऱ्यात कीनिंग ठेवलेलं असतं. वेमिनाल या दुसऱ्या किल्ल्यात डॅगोथ वेमिनकडे सन्डर असतं, त्याला मारलं की ते आपलं. या खेळावर माझा जीव आहे तो यासाठी. कथेतलं महत्त्वाचं माणूस मारलंत तर एक सूचना येते, भविष्यवाणीचा धागा तुटला म्हणून सांगते, आणि हवं तर तसंच पुढे खेळू देते. बनवणाऱ्यांनी खेळणाऱ्यावर इतका विश्वास टाकलेले खेळ मी फार पाहिलेले नाहीत.

पात्राबद्दल एकदाच लिहिते, कारण मागच्या नोंदीनंतर दोघांनी विचारलं होतं. हाय एल्फ, बाई, जन्मरास स्टीड, वेग वाढवणारी. वर्ग स्वतः बनवलेला, जादूकडे कल असलेला, आल्केमी (काढे बनवण्याचं कौशल्य) मुख्य कौशल्यांत. मुख्य कौशल्याचे 30, कलाचे 5 आणि हाय एल्फचे 10 मिळून आल्केमी 45 वर सुरू होते. बाईच का? हाय एल्फ पुरुषाचा वेग 30 असतो, बाईचा 40. बदल्यात एन्ड्युरन्स (तग) दहाने कमी मिळतो, म्हणजे एकूण दमही दहाने कमी. हा सौदा मला परवडला. कारण खाली येईलच, खेळाला दम एकूण किती आहे याच्याशी देणंघेणं नाही, त्यातला किती टक्के शिल्लक आहे तेवढंच तो बघतो.

बाल्मोराला सिल्ट स्ट्रायडरने, म्हणजे प्रवासी नेणाऱ्या महाकाय किड्यावरून, जायचं. सुरुवातीला मिळणाऱ्या 87 नाण्यांत भाडं सुटतं. पण त्याआधी सेडा नीनबाहेरच्या रस्त्यावर टार्हिएलची वाट बघायची. हा जादूगार किंचाळत आभाळातून पडतो आणि जागीच मरतो. त्याच्या अंगावर इकेरियन फ्लाइटची तीन स्क्रोल, म्हणजे एकदाच वाचता येणारे मंत्राचे कागद, असतात. एक वाचलं की अ‍ॅक्रोबॅटिक्स (उडीचं कौशल्य) 1000 ने वाढतं, पण फक्त 7 सेकंद. उडी मारता येते, उतरायच्या आत मंत्र संपलेला असतो. टार्हिएल मेला तो याच हिशोबात चुकून. म्हणून एक स्क्रोल उडायला आणि दुसरं उतरायला, हे या खेळाचा नाद असलेल्या सगळ्यांना माहीत आहे.

आता बाल्मोरातली पाकसिद्धी. अ‍ॅश याम, ब्लोट, नेच लेदर यांतले कोणतेही दोन खलात घातले की बुद्धी वाढवणारा काढा होतो. काढा किती जोरदार होणार ते आल्केमीवर, बुद्धीच्या दशांशावर आणि नशिबाच्या दशांशावर ठरतं. आणि प्यायलेल्या काढ्याने वाढलेली बुद्धी पुढच्या काढ्याच्या हिशोबात धरली जाते. हे चक्रवाढ व्याज आहे आणि त्याला वरची मर्यादाच घातलेली नाही. मेनू उघडा असताना खेळातलं घड्याळ थांबलेलं असतं, त्यामुळे आधीच्या काढ्यांचा असर ओसरतही नाही. आपलं घड्याळ मात्र चालूच असतं, म्हणून किती फेऱ्या पुरे हा खरा प्रश्न.

महिनाभर मी इथे अंदाजाने काम करत होते. रन हातची जायची ती पहिल्या दोन फेऱ्यांत, कारण काढा फसला की माल वाया जातो. शेवटी कागद घेऊन बसले. आल्केमी 45, बुद्धी 60 म्हणून तिचे 6, नशीब 40 म्हणून त्याचे 4. बेरीज 55, आणि काढा जमण्याची टक्केवारीही हीच. म्हणजे शंभरातले साधारण पंचेचाळीस काढे फसणारच, ते माझं दुर्दैव नव्हतं. बेरीज शंभरावर नेली की काहीच फसत नाही, आणि त्यासाठी बुद्धीत साडेचारशेची भर लागते. तेव्हापासून पद्धत ठरली आहे. पहिल्या फेरीत मिळेल तेवढा माल एकदम वापरायचा आणि फसलेल्यांकडे बघायचंही नाही. जे जमले ते सगळे पिऊन दुसरी फेरी, तसंच तिसरी. एकदा बुद्धी पाचशेच्या पुढे गेली की थांबायचं आणि उरलेल्या फेरीत कामाचे काढे करायचे: वेगाचा, ताकदीचा आणि मार्शमेरो अधिक विकव्हीटचा जीव भरून काढणारा. हा शेवटचा सगळ्यांत मोलाचा, कारण आपण रेथगार्ड घेतच नाही. हातमोज्याशिवाय सन्डर किंवा कीनिंग हातात धरलं की जीव झपाट्याने गळायला लागतो, आणि तो गळतो त्याहून जोरात भरत राहिला तरच हृदयावर घाव घालता येतात.

वेगाच्या काढ्यात हाव धरू नका. मी एकदा बुद्धी फारच चढवून वेगाचा काढा केला. बाल्मोराच्या पुलावरून निघाले तर दर काही पावलांना पुढचा भाग लोड होण्याची पट्टी. धावण्यापेक्षा थांबणंच जास्त झालं, आणि तिसऱ्यांदा खेळ बंद पडला. आता वेग बेताचाच वाढवते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. उडी.

बाल्मोराच्या पूर्वेला किल्ला मूनमॉथ, आणि तिथून फोयाडा ममाया ही लाव्ह्याने कोरलेली लांब घळ थेट घोस्टगेटकडे चढत जाते. माझा बेत असा होता की घळीच्या रेषेत तोंड करून पहिलं स्क्रोल वाचायचं, उडायचं, जमीन जवळ आली की दुसरं वाचायचं. दुसऱ्याचे 7 सेकंद उतरल्यावरही थोडे उरतात, तेवढ्यात लगेच पुन्हा उडी, आणि तिसरं स्क्रोल उतरायला. तीन स्क्रोलांत दोन उड्या. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात माझी पहिली उडी कधी घळीत खोलवर जायची, तर कधी अलीकडच्या कड्यावर आदळायची. दुसरी उडी कड्यावरून उताराला तोंड करून निघाली की रन संपलीच. मी माऊसला दोष दिला. मग कोनाला. फरशीवर खडूने खूण करून खुर्चीसुद्धा एका जागी ठेवून बघितली.

मग एका रविवारी एकच सेव्ह (खेळ जिथून पुन्हा सुरू करता येतो अशी साठवलेली जागा) घेतली, मूनमॉथजवळची, आणि ठरवलं की आज फक्त उड्या मारायच्या. F9 ने परत सेव्हवर, स्क्रोल, उडी, कुठे पडले त्याची वहीत खूण. वीस वेळा. वीसच्या वीस जवळपास एकाच जागी पडल्या. मी वहीकडे बघत राहिले. कोन तोच, माऊस तोच, मीच ती. मग रनमध्येच का फरक पडतो?

सेव्हमध्ये माझी हिरवी पट्टी भरलेली होती.

हिरवी पट्टी म्हणजे फटीग, आपल्या भाषेत दम. खो-खो खेळलेल्याला दम म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मॉरोविंडमध्ये धावलं की दम जातो, आणि जवळजवळ प्रत्येक हिशोबात शेवटी दमाचा गुणक लागतो. दम पूर्ण असेल तर 1.25, रिकामा असेल तर 0.75. उडीलाही तोच लागतो. बाल्मोरातून मूनमॉथपर्यंत मी धावत यायचे, कधी दुकानातून सरळ, कधी वळसा घालून. उडी मारताना दम कधी निम्मा असायचा, कधी तळाशी. हजार अ‍ॅक्रोबॅटिक्स असलं तरी 1.25 ने गुणायचं की 0.75 ने, यात आख्खा कडा मावतो. पुन्हा वीस उड्या मारल्या, या वेळी दम संपवून. वीसच्या वीस अलीकडच्या कड्यावर.

ती वही मी जपून ठेवणार आहे.

पुढचा प्रश्न दम भरायचा कसा. उभं राहून भरायची वाट बघितली तर पाऊण मिनिटाच्या आसपास जातं, ते परवडत नाही. टी दाबून एक तास विश्रांती घेतली तर दोनेक सेकंदांत पट्टी भरते. सोपं वाटलं. पहिल्याच रनमध्ये मूनमॉथबाहेर विश्रांती घेतली आणि काळ्या चिलखतातला मारेकरी समोर उभा. माझ्या खेळात ट्रायब्युनल हा पुरवणी भाग जोडलेला आहे, आणि त्यात झोपलं की डार्क ब्रदरहुड या मारेकऱ्यांच्या टोळीचा माणूस येऊ शकतो. त्या रनमध्ये बाल्मोरापर्यंत मी माझ्या सर्वोत्तम वेळेच्या पन्नास सेकंद पुढे होते. अगदी हातातोंडाशी आलेला घास.

ट्रायब्युनल काढून टाकावं असं मनात आलं, पण तेव्हाच आठवलं की शहराच्या हद्दीत झोपायला मनाई आहे. तिथे टी दाबलं तर खेळ झोपू देत नाही, फक्त थांबू देतो. थांबण्याने जीव भरत नाही, जादू भरत नाही, पण दम भरतो. आणि मारेकरी येतो तो झोपेवर. म्हणून आता मूनमॉथला जातच नाही. बाल्मोराच्या पूर्वेकडच्या काठाला, हद्दीच्या आतच टी दाबते, एक तास थांबते, आणि चार पावलांवरून उडी घेते. खल आणि उरलेला माल तिथेच टाकून द्यायचा, कारण ओझ्यानेही उडी आखडते. दिशा थोडी बदलावी लागली, पण घळ तीच. काल सलग सहा रनमध्ये पहिली उडी हव्या त्या जागी पडली.

उतरताना दुसरं स्क्रोल नेमकं केव्हा वाचायचं हे शब्दांत सांगणं अवघड आहे. स्क्रोल आकडा 2 वर लावून ठेवलेलं असतं. खालचे दगड जेव्हा नुसता करडा पट्टा न राहता एकेक करून दिसायला लागतात, तेव्हा. त्याआधी वाचलं तर पुढच्या उडीला सेकंद उरत नाहीत, नंतर वाचलं तर वाचायला आपणच उरत नाही. विटी झेलताना डोळा विटीवर असतो, हातावर नसतो, तसंच इथे कोपऱ्यातल्या मंत्राच्या चिन्हाकडे बघायचं नाही, जमिनीकडे बघायचं.

घोस्टगेटच्या आतला भाग अजून कच्चा आहे. ओड्रोसाल ठीक जातं. वेमिनालमध्ये ताकदीच्या काढ्यावर डॅगोथ वेमिन फार टिकत नाही, पण त्याच्यापर्यंतच्या वाटेवर मी दोनदा चुकीच्या बोळात शिरले. हृदयाच्या गुहेत डॅगोथ उर मागून मारत राहतो, त्याच्याकडे वळायचंच नाही. परवाची रन मात्र माझ्या घाईने गेली. घाईत कीनिंग आधी हातात आलं, घाव घालत राहिले, काही होईना. लक्षात येऊन सन्डर काढेपर्यंत काढ्याचा जोर कमी पडला आणि झुलत्या पुलावरच मेले. आता सन्डर 5 वर, कीनिंग 6 वर. बोटांना तोच क्रम पाठ व्हावा म्हणून जेवताना ताटाशेजारी टेबलावर 5, 6 असं वाजवत बसते.

सोल ट्रॅप या मंत्राच्या ग्लिचबद्दल, म्हणजे खेळातल्या त्रुटीबद्दल, विचारणा झाली होती. समोरच्यावर टाकायचा सोल ट्रॅप आणि स्वतःवरचा एखादा गुण एकाच मंत्रात बांधला की तो गुण कायमचा चिकटतो, हे खरं. पण मंत्र बनवून घ्यायला पैसे आणि फेरा दोन्ही लागतात, आणि इतक्या छोट्या रनमध्ये काढा संपायच्या आत खेळच संपतो. माझ्या वाटेवर त्याला जागा नाही. सगळी घराणी पूर्ण करणाऱ्या लांब रनमध्ये तो सोन्यासारखा आहे.

पुढची तपासणी वादळाची. रेड माउंटनवर ब्लाइटचं, म्हणजे रोगट राखेचं, वादळ कायम असतं, वारा डोंगराकडून बाहेर वाहतो, आणि त्याच्याविरुद्ध चालताना वेग पडतो. खेळाच्या आकड्यांत याचं नाव fStrom असं, चुकीच्या स्पेलिंगनेच, सुरू होतं आणि किंमत 0.25 आहे. म्हणजे वाऱ्याला अगदी समोरासमोर भिडलं तर पाव वेग जातो, तिरकं गेलं तर त्याहून कमी. ओड्रोसाल ते वेमिनाल ही वाट मी आजवर सरळ कापत आले. आज रात्री एकाच सेव्हवरून दहा वेळा सरळ आणि दहा वेळा वळसा घेऊन जाणार आहे. वही काढून ठेवली आहे.