बादली, मोबाइलचं घड्याळ आणि ६५० जणांचे आठ डॉलर

अमेरिकेत पीएचडीला आले तेव्हा पहिल्या सेमिस्टरच्या बिलात एक ओळ होती: हरित शुल्क, ८ डॉलर. साधारण साडेसहाशे रुपये. कोल्हापुरात एम.एस्सी.ला असताना जिमखान्याची फी भरायचो आणि जिमखाना कधी पाहिला नाही, त्यातलाच हा प्रकार असेल असं धरून मी पैसे भरले आणि विसरले. ते पैसे मागायला आपणच कधी अर्ज घेऊन उभं राहू, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

कॅम्पसवरच्या पर्यावरणाच्या कामांसाठी असलेलं हे शुल्क विद्यापीठ लावत नाही, विद्यार्थी मतदान करून स्वतःवर लावून घेतात, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या विद्यार्थ्यांनी २००६ मध्ये असा निधी मंजूर केला, पुढच्या वर्षी बर्कलीने. बर्कलीत सेमिस्टरला माणशी ५ डॉलर ठरले आणि त्यातला तिसरा हिस्सा गरजू मुलांच्या शिष्यवृत्तीकडे वळवला, म्हणजे ज्यांना पाच डॉलरही जड त्यांच्यावर भार नको. इलिनॉय विद्यापीठाचं सुमारे २१ एकरांवरचं सौर शेत २०१५ मध्ये सुरू झालं, त्यातही विद्यार्थ्यांच्या शुल्काचा वाटा आहे. आमच्याकडचा निधी एवढा मोठा नाही. पण पद्धत तीच: पैसे विद्यार्थ्यांचे, कुणाला द्यायचे ते ठरवणारी समितीही बहुतांशी विद्यार्थ्यांची. शिक्षक आणि कर्मचारी मिळून तिघं, तेही सल्ला द्यायला.

माझं काम सेंद्रिय रसायनशास्त्रातलं. आमच्यात रिफ्लक्स म्हणजे रोजचा स्वयंपाक. फ्लास्कमध्ये द्रावक उकळत ठेवायचं, वर काचेचा उभा कंडेन्सर लावायचा. त्याच्या बाहेरच्या नळीतून गार पाणी फिरत राहतं, वर गेलेली वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्ये टपकते. संध्याकाळी सहाला लावून घरी जायचं, सकाळी दहाला येऊन बघायचं. आणि ते पाणी? नळातून येतं, काचेला वळसा घालतं, सिंकमध्ये पडतं. सोळा तास. स्वच्छ, पिण्याचं पाणी, जेमतेम कोमट झालेलं.

मी जत तालुक्यातली. आमच्या गावाला म्हैसाळ सिंचन योजनेच्या पाण्याचं आश्वासन माझ्या जन्माआधीपासून मिळतंय. लहानपणी टँकर आला की शाळा सुटायची, म्हणजे सोडायचीच म्हणा ना, कारण पोरं बसतच नसत. तरीही खरं सांगते, पहिलं वर्षभर ते सिंकमधलं पाणी मला दिसलं नाही. माणूस नव्या जागी सगळं तिथलंच बरोबर धरतो. एकदा अण्णांना व्हिडिओ कॉलवर लॅब दाखवत होते. एवढ्या यंत्रांवरून कॅमेरा फिरवला, त्यांची नजर नेमकी सिंकवर.

"ते पानी कशाला सोडलंय?"

"काच गार ठेवायला, अण्णा."

"आन् जातंय कुठं?"

"सिंकमध्ये."

"म्हंजे गटारीत." मग थोडं थांबून, "रातभर?"

पुढं काही बोलले नाहीत. आईला फोन दिला.

दुसऱ्या दिवशी मी पाच लिटरची निळी बादली आणली आणि मोबाइलवर वेळ लावून सिंकमधल्या नळीखाली धरली. चार मिनिटांत भरली. मिनिटाला सव्वा लिटर, तासाला ७५, रात्रीचे १२०० लिटर. टंचाईत आपल्याकडे टँकरचं पाणी माणशी दिवसाला २० लिटर धरतात. म्हणजे माझा एक फ्लास्क साठ माणसांचं पाणी पीत होता. त्या रात्री आमच्या मजल्यावर नऊ कंडेन्सर चालू होते. दहा हजार लिटरचा टँकर भरून वर उरेल इतकं.

उपाय मला आधीपासून ठाऊक होता. कोल्हापुरात आम्ही काय करायचो? टबात पाणी, त्यात कूलरचा छोटा पंप, तेच पाणी गोल फिरवायचं, फार तापलं की बर्फ टाकायचा. दीडशे-दोनशे रुपयांत काम. तोच प्रस्ताव मी मोठ्या दिमाखात लिहिला: पंधरा टब, पंधरा पंप. अर्जाची पहिली पायरी एका पानाची असते, काय करायचं आहे, किती पैसे, कॅम्पसला फायदा काय. ते पान पुढं सरकलं. मग निधीच्या समन्वयक बाईंनी चहाला बोलावलं, म्हणजे त्यांनी कॉफी घेतली, आणि सांगितलं की पूर्ण अर्जाआधी सुरक्षा विभागाची सही लागेल.

सुरक्षा विभागाच्या माणसाने माझं चित्र पाहिलं आणि पेन खिशात ठेवलं. ज्वालाग्राही द्रावकाच्या शेजारी, पाण्यात बुडवलेला, भिंतीतल्या प्लगवर चालणारा पंप, तोही रात्रभर, माणूस नसताना. "हे मी पाहिलंच नाही असं समजू या," म्हणाला. मला राग आला. आम्ही दोन वर्षं तेच केलं होतं, कुणी मेलं नव्हतं. घरी जाऊन विचार केल्यावर लक्षात आलं की कुणी मेलं नाही हा काही फार भक्कम युक्तिवाद नव्हे. शिवाय पंप बंद पडला आणि वाफ कोंडली वा उडून गेली तर काय, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि कोल्हापुरातही नव्हतं.

तिथून मी बिनपाण्याच्या कंडेन्सरकडे वळले. हे हवेवर चालतात. एका प्रकारात काचेभोवती अॅल्युमिनियमच्या उभ्या पातळ पट्ट्यांचं आवरण असतं आणि मध्ये थोडंसं पाणी कायमचं बंद केलेलं. दुसऱ्यात नुसती काचच, पण आतून-बाहेरून अशी खाचाखाचांची की पृष्ठभाग वाढतो. प्रयोग ज्यात मांडतो त्या फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात, हवा सतत खेचली जातेच, ती उष्णता घेऊन जाते. नळ नको, नळी नको, प्लग नको. एकाची किंमत मात्र २६० डॉलर. वीस घ्यायचे तर ५२०० डॉलर, म्हणजे ६५० विद्यार्थ्यांचं एका सेमिस्टरचं हरित शुल्क. हा हिशेब मी अर्जातच लिहिला. का कोण जाणे, पण लिहावासा वाटला.

पूर्ण अर्जात सगळ्यात वेळ खाल्ला तो आजच्या वापराच्या नोंदींनी. "खूप पाणी वाया जातं" हे वाक्य तिथं चालत नाही. दोन आठवडे रोज रात्री नऊला मी चारही लॅबमध्ये फिरले, चालू कंडेन्सर मोजले, प्रत्येकाच्या नळीखाली बादली धरली. लोक विचित्र नजरेने बघायचे. एक चिनी लॅबमेट मला "पाण्याची इन्स्पेक्टर" म्हणायला लागली, पण तिसऱ्या दिवसापासून तिचा नळ निम्म्याने बारीक झाला होता. आता हे चांगलं की वाईट? नोंद तर बिघडली. तिच्या हूडचे आकडे मी वेगळे काढले आणि कारण लिहिलं. सरासरी आली रात्रीला सहा कंडेन्सर, ७२०० लिटर.

मग कोटेशनं. मग बिल्डिंग मॅनेजरची सही. ही मला सगळ्यात अवघड वाटली होती, ती दोन मिनिटांत मिळाली. कारण वर्षभरापूर्वी एका रात्री अशीच एक रबरी नळी सुटली होती. रात्री इमारतीतले बाकीचे नळ बंद होतात, दाब वाढतो, आणि तारेने नीट न आवळलेली नळी निसटते. पाणी खालच्या मजल्यावरच्या यंत्रांवर गळलं होतं. बिल्डिंग मॅनेजरला पाणी वाचवण्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला नळ्या नको होत्या. प्रत्येकाला आपला प्रकल्प आपल्याच कारणासाठी आवडायला हवा असा हट्ट धरू नये, हे त्या दिवशी शिकले.

सादरीकरणाला सात मिनिटं, प्रश्नांना आठ. समोर एकोणीस-वीस वर्षांची मुलं, एक जण तर डुलकी घेतोय असं वाटत होतं. मी निळी बादली घेऊन गेले होते, टँकरचा फोटोही होता. फोटोवर सगळे हळहळले, मी खूश. मग त्या डुलकीवाल्यानेच हात वर केला.

"इथं वाचलेलं पाणी तुझ्या गावाला मिळणार नाही, बरोबर?"

बरोबर.

"मग तो फोटो का?"

शेजारची मुलगी त्याहून तिखट. "लॅबची उपकरणं घेणं विभागाचं काम आहे. आमच्यातली बरीच मुलं दोन नोकऱ्या करून फी भरतात. तुमच्या विभागाचं काम आमच्या पैशांतून का?"

मी म्हटलं, विभाग करणार नाही. ती म्हणाली, विचारलंस का? विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यात सरकारी योजना होती: निधी आहे, अर्ज करा, घ्या. समोर बसलेलेच ते पैसे भरतात, हे मला माहीत होतं, पण जाणवलं नव्हतं. मीही त्यातलीच एक आहे, हेसुद्धा.

निकाल आला: नामंजूर नाही, सुधारून पुढच्या फेरीत आणा. अट एकच, विभागाचा आर्थिक वाटा दाखवा. मी चार दिवस रुसून होते. आमच्या गाईडना सगळे पहिल्या नावाने हाक मारतात, मला अजून जमत नाही, मी वाक्यच अशा बेताने रचते की नाव घ्यावं लागू नये. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, प्रश्न बरोबर आहे.

विभागाकडे गेल्यावर खरी गोम कळली. पाण्याचं बिल विभाग भरतच नाही. ते मध्यवर्ती कार्यालय भरतं, अख्ख्या कॅम्पसचं एकत्र. म्हणजे कंडेन्सरला पैसे मोजायचे विभागाने आणि बचत दिसायची भलत्याच खात्यात. कुणाचा वाईट हेतू नाही, पण एकाचा नळ आणि दुसऱ्याचं बिल असलं की तो नळ कुणीच बंद करत नाही. अशा फटीत अडकलेल्या कामांसाठीच हा निधी उपयोगी पडतो, हे मला अर्ज परत आल्यामुळे समजलं. पहिल्याच फेरीत पैसे मिळाले असते तर मी हे शोधलं नसतं. विभागप्रमुखांना मी पाणी सांगितलं नाही, खालच्या मजल्यावर गळलेल्या त्या रात्रीची दुरुस्ती सांगितली. ती विभागाच्याच खिशातून झाली होती. निम्मी रक्कम त्यांनी मान्य केली. शिवाय पुढे नवे कंडेन्सर घेताना शक्य तिथं बिनपाण्याचेच घेऊ, असं पत्र दिलं.

दुसऱ्या फेरीआधी एका पुरवठादाराकडून दोन नमुने मागवले. एथिल अॅसिटेट शंभर मिलिलिटर, म्हणजे ९० ग्रॅम, रात्रभर उकळलं आणि सकाळी फ्लास्क वजन केला. दीड ग्रॅम कमी. उत्तम. ईथर ३५ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथं मात्र मला भरवसा वाटला नाही. म्हणून चार जुने कंडेन्सर ठेवायचे, फक्त अशा द्रावकांसाठी, हे अर्जात स्पष्ट लिहिलं. टँकरचा फोटो काढून टाकला. बादली ठेवली. तीच मुलगी यावेळीही होती. तिने पत्र दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, तू पदवी घेऊन गेल्यावर हे कोण बघणार? याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं, प्रत्येक लॅबमधल्या एकेका ज्युनियरचं नाव.

मंजूर झालं, २६०० डॉलर. पुढचं सगळं कंटाळवाणं. पैसे आपल्या हातात येत नाहीत, विभागाच्या खात्यात जातात, अकाउंटंट खरेदी करते, ती तीन आठवडे रजेवर होती. माल आला तेव्हा सेमिस्टर संपत आलं होतं. वीसपैकी एक खोक्यातच तडकलेला निघाला, तो बदलून मिळायला महिना गेला.

सहा महिन्यांनी अहवालासाठी पुन्हा बादली घेऊन फिरले. रात्री नऊला लॅबमध्ये एक बारीक झुळझुळ कायम ऐकू यायची, ती नव्हती. सहाच्या जागी सरासरी एक कंडेन्सर पाण्यावर. तोही बहुतेक वेळा ईथरसाठी नव्हे, पीएचडीनंतर संशोधनाला आलेल्या एका पोस्टडॉकच्या सवयीसाठी. त्याला तीनदा सांगून झालं. चौथ्यांदा मी काही न बोलता त्याच्या नळीखाली बादली धरून चार मिनिटं उभी राहिले. अहवालात "उरलेल्या अडचणी" असा एक रकाना असतो. तिथं मी लिहिलं: एक पोस्टडॉक.

अण्णांना सांगितलं, नळ बंद झाले म्हणून. ते म्हणाले, "बरं झालं," आणि लगेच विचारलं, "त्या काचंचं किती पडलं?" मी रुपयांत सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.