सोनं दिसत होतं, तरी सोडून आलात?

तुम्ही विचारलंत म्हणून. म्हणजे लग्नात विचारता, लिफ्टमध्ये विचारता, सोन्याचा भाव वाढला की मुद्दाम फोन करून विचारता: "अलास्कात सोनं डोळ्यांना दिसत होतं, तरी सोडून आलात?"

सोपं उत्तर तुम्हाला आता पाठ असेल. साठा छोटा, रस्ता नाही, सामान बेथेलहून कुस्कोक्विम नदीतून बार्जने येणार, तेही बर्फ वितळल्यावर. त्याच भागात डॉनलिनला तीन कोटी औंसांहून जास्त सोनं आहे आणि तिथेही अजून खाण सुरू झालेली नाही. आमच्या ठिपक्याला कोण विचारतो? त्यात सोन्याच्या जोडीला पारा. त्याला एके काळी गिऱ्हाईक होतं. नदीकाठच्या रेड डेव्हिल खाणीत १९३३ ते १९७१ अधूनमधून तो काढला. भाजलेल्या दगडांचे ढीग ओढ्याकाठीच राहिले. आम्ही सोन्याच्या शोधात गेलो २०११ मध्ये. २०१३ पासून अमेरिकेतून पारा निर्यात करायला बंदी येणार, हे तेव्हा ठरलेलं होतं. म्हणजे निघालेला पारा सांभाळायचा खर्चही आपल्याच गळ्यात.

हे सगळं खरं आहे. अहवालात मीच लिहिलंय.

आता जे लिहिलं नाही ते. जुलै, तीन दिवस संततधार. ओढ्यातली वाळू पॅनमध्ये धुतली की हलकी वाहून जाते, जड तेवढी उरते. हिंगूळ हे लाल खनिज पाण्याच्या आठपट जड, त्यामुळे तो सोन्याबरोबर मागे राहतो. कुंकवाच्या करंड्यात सोन्याचे कण सांडावेत तसं दिसतं. ही वाळू स्टोव्हवर वाळवायची आणि लोहचुंबकाने काळे कण काढायचे, हे रोजचं काम. एरवी बाहेर, उघड्यावर. मदतीला जवळच्या युपिक, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, गावातला एकोणीस वर्षांचा पोरगा होता. मी त्याला म्हटलं, "आत घे, झाकण ठेव, लवकर वाळेल."

मी दुसऱ्या तंबूत नकाशे आवरत बसलो. परत आलो तर काडेपेटी पेटवल्यासारखा वास. झाकण उचलून उलटं केलं. आतून चंदेरी दव. तिरपं केलं तसे थेंब एकमेकांत मिसळून काठाकडे घरंगळले.

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. हे मी पोरांना शिकवलंय. हात शेकत तो चाळीस मिनिटं त्या स्टोव्हपाशी बसला होता.

रात्री खोकला, ताप, छाती भरून आलेली. धुक्यामुळे विमान दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलं. त्याआधी सॅटेलाइट फोनवर त्याच्या आजीने विचारलं, "काय खाल्लं त्याने?" त्या भागात बायका-मुलांना पाईक मासा बेताने खा म्हणून सांगतात, पाऱ्यापायीच. मी म्हणालो, "काही विशेष नाही." खोटं नव्हतंच ते. खाल्लं कुठे होतं त्याने?

तेव्हाचा मी अजून भांडतो. आई गव्हाच्या डब्यात पाऱ्याच्या टिकड्या टाकायची, थर्मामीटर फुटला की आम्ही ते मणी तळहातावर खेळवायचो, आपल्याला त्याची भीती कधी नव्हतीच, वगैरे. असेल. मग वाळू वाळवायची वेळ आली की तू रोज बाहेर का जायचास?

पोरगा बरा झाला. पुढच्या उन्हाळ्यात आला नाही. मीही बोलावलं नाही.

आणि अहवालात पाऱ्याचा मुद्दा मी जरा जास्तच ठळक केला का? आकडे प्रयोगशाळेचे, त्यांना हात लावला नाही. पण पहिल्या पानावर कोणता आकडा घ्यायचा हे मी ठरवलं, आणि ते वाचून वरच्यांनी गाशा गुंडाळला. कदाचित तरीही गुंडाळला असताच. बायको म्हणते, असताच. तिला डॉनलिन कुठे आहे हेसुद्धा माहीत नाही.

परिशिष्टात पॅनच्या नमुन्यांचा तक्ता आहे. प्रत्येकापुढे सोन्याचं वजन, मिलिग्रॅममध्ये. एक्केचाळिसाव्यापुढे रेघ आहे. आजवर कुणी विचारलं नाही.