मिरजेची बार्शी लाइट

मिरज जंक्शनात एके काळी तीन निरनिराळ्या रुंदीचे रूळ एकत्र येत असत: पुण्याकडचे ब्रॉडगेज, लोंढ्याकडचे मीटरगेज आणि पंढरपूरकडे निघणारे अवघे अडीच फुटी नॅरोगेज. या तिसऱ्या मार्गाची, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेची, आठवण आमच्या भागात संथ गाडी म्हणूनच निघते. तिच्यामागची अभियांत्रिकी किती पक्की होती, हे फारसे सांगितले जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मुख्य लोहमार्गाने बार्शीसारखी कापसाची पेठ बाजूला टाकली होती. तिला जोडण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा मार्ग सुरू केला. अरुंद रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, मात्र चाकांच्या प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये आणि इंजिनापासून वाघिणीपर्यंत तो सारखा वाटला गेला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ पुरले आणि तरीही लांब पोलादी वाघिणी धावू शकल्या. (पुढे याच माणसाने वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केले.)

मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये सांगोला, ढालगाव, कवठे महांकाळ, सलगरे, आरग असा दुष्काळी पट्टा ओलांडून मिरजेला पोहोचला. वारकऱ्यांची मोठी सोय झाली. पण रुळांची रुंदी जुळत नसल्याने पुढे जाणारा माल मिरजेत एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे, आणि माझ्या मते या मार्गाचा खरा अडसर त्याचा वेग नसून ही चढउतार होती. १९५४ मध्ये सरकारने बार्शी लाइट रेल्वे चालवणारी कंपनी विकत घेतली, तरी मिरज–पंढरपूर मार्ग रुंद व्हायला २०१० साल उजाडले.

त्या रुंदीकरणाचे मोल एप्रिल २०१६ मध्ये कळले. लातूर तहानलेले असताना मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन निघालेल्या पहिल्या गाडीत दहा टाकी-वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. कोठेही पाणी न उतरवता ती पंढरपूर, कुर्डुवाडीमार्गे थेट लातूरला जात असे. वाटेत कवठे महांकाळ आणि जत रोड ही स्थानके लागत, आणि जत तालुक्याच्या पूर्व भागातील गावे तेव्हा त्याच कृष्णेच्या पाण्यासाठी, म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या विस्तारासाठी, सरकारकडे मागणी करीत होती.