हेड उतरवायच्या आधी

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे गॅरेजांची रांग आहे, तिच्यात माझं गॅरेज. समोरून दिवसभर कॉइल, अँगल, सळया भरलेल्या गाड्या जातात, जेएनपीटीकडून येणारे ट्रेलर वेगळेच. इथे एखादी गाडी उभी राहिली म्हणजे कुठल्या तरी गावात हप्ता अडकला, हे मी रोज बघतो. म्हणून इंजिन उघडण्याबद्दल माझं मत पक्कं आहे. बिघाड कुठे आहे ते सिद्ध झाल्याशिवाय हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, बोल्टला पाना लावायचा नाही. गेल्या जुलैमधल्या एका दिवशी या मताची चांगलीच परीक्षा झाली.

गाडी दहाचाकी टाटा, बीएस-३, सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं कमिन्स इंजिन. मालक गेवराईकडचा तरुण मुलगा, जुनी गाडी कर्ज काढून घेतलेली. चालवतो त्याचा सख्खा मामा, त्यामुळे अख्ख्या बाजारात ते 'मामा' म्हणूनच ओळखले जातात. अंगावर चाकणची कॉइल भरलेली. निघण्याआधी मामांनी पाणी बघायला रेडिएटरच्या टाकीचं झाकण काढलं, तर आत पाणी दिसेचना. वर चॉकलेटी रंगाचा घट्ट साका. आधी त्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी गाडी दाखवली होती. तिथे टाकीत बघितल्या बघितल्या निकाल मिळाला : हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलंय, माल दुसऱ्या गाडीत भरा, हेड उतरवून फेसिंगला (घासून सपाट करायला) पाठवू, तीनचार दिवस धरा.

माझ्याकडे आले तेव्हा मामांचा चेहरा उतरलेला होता. फोन कानाला, पलीकडे भाचा. मामांनी फोन माझ्या हातात दिला.

"दादा, खरं सांगा, इंजिन गेलं का?"

"गाडी अजून बघितली नाही भाऊ. दोन तास द्या. तोवर कुणाला पैसे मागत फिरू नका."

मी टाकीत बोट बुडवून तो साका चोळून बघितला. ऑइलच होतं, पाण्यात घुसळून लोण्यासारखं जमलेलं. मग ऑइलची पट्टी ओढली. पट्टीवरचं ऑइल काळं, स्वच्छ. दुधाळपणा नाही, पाण्याचा थेंब नाही. पातळी मात्र खालच्या खुणेच्याही खाली. मामा म्हणाले, "दोनतीन खेपांपासनं ऑइल खातीय. खोपोलीत टाकलं, परत कमी. धूर म्हणावा तर न्हाई, खाली ठिपका न्हाई." या एका वाक्यात बरंच काही होतं. धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही. ठिपका नाही म्हणजे बाहेर गळत नाही. मग ते पाण्यातच जातंय, आणि थोडंथोडकं नाही.

ऑइल पाण्यात जातंय आणि पाणी ऑइलमध्ये येत नाही, हे का, ते इथे नीट सांगतो, कारण सगळं निदान त्यावर उभं आहे. गाडी रस्त्यावर पळत असते तेव्हा या इंजिनात ऑइलचा दाब साधारण तीन-चार बार असतो. पाण्याचा दाब रेडिएटरच्या झाकणावर ठरतो, तो एक बारच्या आसपास किंवा त्याहून कमी. दोघांच्या मधली भिंत कुठे फुटली, तर जास्त दाबाचं ऑइल कमी दाबाच्या पाण्यात घुसणार. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब शून्य, पण गरम पाण्याचा दाब काही वेळ टिकून राहतो. तेव्हा उलटं होतं, पाणी ऑइलमध्ये उतरतं. ते उतरलं तर बेअरिंगचं मरण. मामांच्या गाडीत ते का उतरलं नाही, हे झाकण हातात घेतल्यावर कळलं. झाकणाचं रबर कडक होऊन चिरलेलं, स्प्रिंग ढिली. पाण्याचा दाब धरलाच जात नव्हता. एरवी असं झाकण मी लगेच फेकायला लावतो. या वेळी त्यानेच इंजिन वाचवलं होतं.

तरी पट्टीवर विश्वास ठेवून भागत नाही. पाणी जड, ते चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशी बसतं, पट्टी तिथवर पोचत नाही. गाडी निवांत उभी ठेवली, चहा झाला, मग चेंबरचा ड्रेन नट अगदी थोडा ढिला केला. पाणी असलं तर ते आधी येतं. खाली पांढरं झाकण धरलं. पहिला थेंब काळा, दुसरा काळा, धारही काळी. नट परत आवळला तेव्हा माझा स्वतःचा जीव जरा खाली आला.

आता ऑइल जातंय कुठून? या इंजिनात वेट लायनर (बाहेरून पाणी लागणाऱ्या, पिस्टनच्या सुट्या नळ्या) नसतात, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतात. त्यामुळे लायनरची सील रिंग हा संशय मुळातच बाद. उरतात हेड गॅस्केट, हेडला किंवा ब्लॉकला तडा, आणि ऑइल कूलर, म्हणजे पाण्याने ऑइल थंड करणारा भाग. गॅस्केटला मी आंधळेपणाने बाद करत नव्हतो. रॉकरला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना) लागणारं ऑइल ब्लॉकमधून गॅस्केट ओलांडूनच वर हेडमध्ये जातं. तिथे गॅस्केट फुटलं, तरी दाबाखालचं ऑइल पाण्यात जाऊ शकतं. पण गॅस्केट गेलं की बहुतेक वेळा सिलिंडरचा गॅसही पाण्यात येतो. साका वरवर काढला, टाकी पाण्याने काठोकाठ भरली आणि झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं. पोऱ्याला टाकीवर नजर ठेवायला सांगितलं, मी रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हातात धरला. गॅस येत असेल तर थंड असतानाच बुडबुडे सुटतात, आणि झाकण लावलं की होज लगेच दगड होतो. बुडबुडा एकही नाही. दुसरं चांगलं झाकण लावून बघितलं तरी होज मऊ. ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या एअर कॉम्प्रेसरचं हेड फुटलं तरी पाण्यात हवा येते, तीही नव्हती.

म्हणून ऑइल कूलर. या इंजिनात तो बाहेर लटकलेला दिसत नाही. टर्बोच्या (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) बाजूला, जिथे ऑइल फिल्टर लागतो त्याच कव्हरमागे, ब्लॉकच्या पोकळीत तो बसवलेला असतो. एकावर एक पातळ प्लेटा, प्लेटांच्या आतून गरम ऑइल, बाहेरून पाणी. पाण्याच्या पंपातून निघालेलं पाणी आधी या कूलरवरून जातं आणि मगच ब्लॉकभर फिरतं. म्हणजे टाकीत जे काही ओतलं, त्याचा पहिला मार यालाच.

पाणी आणि ऑइल काढलं. टर्बोला जाणारी ऑइलची नळी सोडली, तिच्या दोन्ही तोंडांना स्वच्छ कपडा बांधला. टर्बोत कचऱ्याचा एक कण गेला तर नवीन खर्च. फिल्टर काढला, दहाच्या गोटीने कव्हरचे बोल्ट सोडले. पावसाची सर मधूनमधून येत होती, ताडपत्रीखाली काम चाललं होतं. कव्हर निघालं, मागून कूलर निघाला. प्लेटांच्या मधल्या फटी तांबूस गंज आणि पांढऱ्या क्षारांनी भरलेल्या. मामांना दाखवलं. ते गप्पच झाले, मग म्हणाले, "घरच्या बोअरचंच पाणी टाकतो. कूलंट संपल्यावर परत न्हाई आणलं."

कूलर नुसता बघून मी नवीन बसवत नाही. फुटलेला कूलर बदलला आणि गळती दुसरीकडेच असली, तर मालकाचे पैसेही जातात आणि गाडी घाटात परत उभी राहते. म्हणून दाब देऊन बघायचं. ऑइलच्या एका भोकावर रबर आणि पट्टी आवळून ते बंद केलं, दुसऱ्यावर नळी बसवून हवा सोडली आणि कूलर पाण्याच्या अर्ध्या ड्रममध्ये बुडवला. रेग्युलेटरवर ७० पीएसआय, म्हणजे साधारण पाच बार. सगळे ड्रमभोवती वाकून उभे.

काहीच नाही. फटीत अडकलेली हवा सुटून गेली, त्यानंतर पाणी शांत.

सगळ्यात अवघड वेळ ती होती. शेजारच्या गॅरेजचे दोघे बघायला आले होते, त्यातला एक म्हणाला, "हेडच आहे ओ, सकाळीच उतरवलं असतं तर एव्हाना लेथवर गेलं असतं." भाच्याचा फोन परत येऊन गेला होता. कॉइलच्या पार्टीचाही. हेड नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. पण एक गोष्ट मनातून जाईना. मामा म्हणाले होते, ऑइल घाटात जातं. कळंबोलीत रिकामी गाडी हलवताना पातळी उतरत नव्हती, भरल्या गाडीने बोरघाट चढला की उतरत होती. घाटात ऑइल शंभर अंशांच्या वर जातं. धातू गरम झाला की पसरतो, आणि थंडीत मिटलेला बारीक तडा तेव्हाच तोंड उघडतो. मग थंड पाण्यात तपासून उपयोग काय?

शेगडी लावली. मोठ्या पातेल्यातलं उकळतं पाणी ड्रममध्ये ओतलं, परत तापवलं, परत ओतलं, हात बुडवता येईना इतकं. कूलर तसाच आत ठेवून तापू दिला आणि मग पुन्हा ७० पीएसआय. थोडा वेळ काही नाही. मग पोऱ्या ओरडला, "दादा, इकडे!" शेवटून दुसऱ्या प्लेटेच्या कडेला, जिथे जोड असतो तिथून, मोहरीएवढा बुडबुडा सुटला. त्यामागे दुसरा. मग एकामागोमाग एक अशी सरळ माळ वर यायला लागली. हवा बंद केली, माळ थांबली. सोडली, परत सुरू. मामांनी ड्रमवर वाकून स्वतः बघितलं आणि तिथूनच भाच्याला फोन लावला. "आरं इंजिन न्हाई गेलं. इंजिन न्हाई गेलं म्हणतोय न्हवं!"

नवीन कूलर आणि दोन्ही पॅकिंग, एक कूलर आणि ब्लॉकच्या मधलं, दुसरं कूलर आणि कव्हरच्या मधलं, बाजारात मिळालं. हेडच्या कामाच्या मानाने खर्च फारच कमी. बसवताना एका गोष्टीकडे मी हटकून लक्ष देतो. नवीन कूलरच्या ऑइलच्या भोकांना प्लास्टिकची बुचं असतात, वाटेत कचरा जाऊ नये म्हणून. ती तशीच राहिली तर ऑइलची वाटच बंद, आणि इंजिन चालू केल्यावर काय होईल ते सांगायला नको. माझ्याकडे पोऱ्याने ती बुचं काढून माझ्या तळहातावर ठेवल्याशिवाय कूलर ब्लॉकला लागत नाही. जुनं पॅकिंग खरवडतानाही ब्लॉकच्या पोकळीत कपडा कोंबायचा आणि पत्री हलक्या हाताने चालवायची. कव्हरचे बोल्ट मधून बाहेर असे टप्प्याटप्प्याने, २४ न्यूटन मीटरला आवळले. अंदाजाने आवळून कव्हर वाकतं आणि मग पॅकिंगला दोष दिला जातो.

खरा वेळ खाल्ला तो धुण्याने. पाण्याच्या सगळ्या वाटांना आतून ऑइलचा लेप बसला होता. तो राहिला तर रेडिएटर उष्णता सोडत नाही आणि रबरी होज फुगून सडतात. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून ठेवला, कमी फेसाची वॉशिंग मशीनची पावडर गरम पाण्यात कालवून भरली, इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवलं, गरम असतानाच सोडलं. भांड्याचा साबण वापरू नये, त्याचा फेस आत हवा धरून ठेवतो. पहिलं पाणी चहासारखं आलं. हे करत राहिलो, पाणी नितळ येईपर्यंत. रेडिएटर उलट दिशेनेही धुतला. खालचा होज बोटाने दाबला की आत जात होता, तो बदलला. थर्मोस्टॅट आणि झाकण नवीन. झाकण बदलताना मामा म्हणाले, "ह्यानंच वाचवलं म्हणताय आन् ह्येच टाकताय?" त्यांना समजावलं, की दाब धरला नाही तर घाटात पाणी लवकर उकळतं.

नवीन १५डब्ल्यू-४० ऑइल, नवीन फिल्टर, तोही ऑइलने भरूनच लावला. डिझेल बंद ठेवून काट्यावर दाब दिसेपर्यंत स्टार्टर फिरवला, म्हणजे टर्बो कोरडा फिरत नाही. मग इंजिन चालू केलं. या इंजिनाला स्लोवर (रेस न देता) किमान १० पीएसआय आणि पूर्ण फेऱ्यांवर किमान ३० पीएसआय ऑइलचा दाब लागतो. मामांच्या गाडीत दोन्ही ठिकाणी त्याहून भरपूर होता. बेअरिंग शाबूत असल्याची ती पावती. पाण्याच्या जागी अर्धं कूलंट, अर्धं बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड पाणी. त्याने गंज आणि क्षार अडतात, शिवाय उकळण्याचा अंशही १०० वरून १०६ च्या पुढे जातो.

गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे निघाली, कॉइल न उतरवता. लोणावळ्याला पोचून, इंजिन थंड झाल्यावर टाकी बघायची आणि मला फोन करायचा, एवढं मामांकडून कबूल करून घेतलं होतं. फोन आला. वर एक पातळ तवंग आहे म्हणाले, पट्टी वरच्या खुणेवर. तवंग मी धरूनच चाललो होतो, खाचाखोचांत राहिलेलं ऑइल सुटून वर येतंच. परतीच्या खेपेला कूलंट काढून गाळलं, पुन्हा एकदा धुतलं, वरचे दोन होजही बदलले. भाचा त्या वेळी स्वतः आला होता. बॅटरीच्या पाण्याचा पस्तीस लिटरचा कॅन त्याने केबिनमागे पट्ट्याने बांधला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : फक्त इंजिनसाठी.