वर मैफल, खाली पोरं: चॉक फार्मची इंजिन शेड

लंडनच्या कॅम्डन भागात चॉक फार्म रोडवर 'राउंडहाउस' नावाची गोल इमारत आहे. इथल्या बहुतेकांना ती गाण्याच्या कार्यक्रमांमुळे माहीत असते. मला ती आजही आधी शेड म्हणूनच दिसते. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढले, वडील लोको शेडमध्ये फिटर होते. शंकूसारखं छप्पर, वर मधोमध धूर जाण्यासाठी ठेवलेली जागा आणि गोलाकार उभे बिडाचे खांब दिसले की त्या खांबांच्या मधे इंजिनं उभी आहेत असंच वाटतं.

एकेकाळी ती तशी उभी असायचीच. १८४७ मध्ये ही शेड मालगाड्यांच्या इंजिनांसाठी बांधली गेली. आत यायला एक रूळ, मधोमध टर्नटेबल, म्हणजे इंजिनासकट फिरणारी गोल तबकडी, आणि तिथून चारी बाजूंना फुटणारे रूळ. इंजिन टर्नटेबलवर घ्यायचं, फिरवायचं, मोकळ्या जागेत ढकलायचं. कमी जागेत जास्त इंजिनं ठेवण्याची ही युक्ती फक्कड होती, पण तिच्यात एक अडचण होती. टर्नटेबल होतं ३६ फुटांचं. पुढच्या दहाएक वर्षांत इंजिनांची लांबी इतकी वाढली की ती त्यावर मावेनात. ज्या कामासाठी एवढी भक्कम इमारत उभारली, ते काम तिच्या हातून इतक्या लवकर गेलं.

मला या इमारतीबद्दल जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथूनच सुरू होतं. बिनकामाची झाल्यावर ती पाडली गेली नाही, कारण दुसरं कुणीतरी तिला कामाला लावलं. १८७० च्या आसपास गिल्बी नावाच्या दारूच्या व्यापाऱ्यांनी ती गोदामासाठी घेतली. त्यांनी आत पिंपं ठेवायला लाकडी सज्जा केला, आणि इंजिनांच्या शेडमध्ये पुढची कित्येक दशकं जिन साठवली गेली. आज कार्यक्रमाला आपण ज्या सज्ज्यात बसतो त्याचं मूळ त्या पिंपांच्या सोयीत आहे. १९५४ मध्ये इमारतीला वारशाचा दर्जा मिळाला, आणि १९६४ मध्ये नाटककार आर्नल्ड वेस्कर यांनी तिथं 'सेंटर ४२' ही आपली चळवळ आणली. कामगार संघटनांच्या १९६० च्या परिषदेत कलेविषयीचा ४२ क्रमांकाचा ठराव झाला होता, त्यावरून हे नाव. नाटक, संगीत, चित्रं ही कामगारवस्तीपर्यंत पोचली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. पैसे कधीच पुरेसे जमले नाहीत. पण १९६६ मध्ये पिंक फ्लॉइड आणि १९६८ मध्ये द डोअर्स हे रॉक बँड इथं वाजवून गेले, दिग्दर्शक पीटर ब्रूक यांनी नाट्यप्रयोग केले, आणि या जागेचं नाव झालं. १९८३ मध्ये पैशांअभावी दारं बंद झाली, आणि पुढची तेराएक वर्षं इमारत जवळजवळ रिकामीच पडून राहिली.

१९९६ मध्ये ती विकत घेतली टॉर्क्विल नॉर्मन यांनी. हे खेळण्यांचे कारखानदार. पॉली पॉकेटच्या इवल्याशा बाहुल्या ज्यांनी घरोघरी पोचवल्या त्या ब्लूबर्ड टॉइज कंपनीचे संस्थापक. त्यांनी ट्रस्ट काढला, आणि पहिल्यापासून एक गोष्ट पक्की ठेवली: वरच्या दालनात मोठे कार्यक्रम होतील, पण इमारत असेल तरुण मुलांसाठी. २००४ मध्ये मोठं काम सुरू झालं. वास्तुरचना जॉन मॅकअस्लन यांच्या संस्थेची. जवळपास तीन कोटी पाउंड खर्च झाला. लॉटरीच्या पैशातून चालणारा वारसा निधी, आर्ट्स कौन्सिल आणि देणगीदार अशी सगळ्यांची मोट बांधावी लागली. जून २००६ मध्ये दारं पुन्हा उघडली.

दुरुस्ती करताना खरा पेच छपराचा होता. शेडचं छप्पर हे धूर बाहेर काढण्यासाठी असतं, आवाज आत कोंडण्यासाठी नाही. आणि शेजारी लोक राहतात, त्यांनी रात्री अकरा वाजता ढोलगिटारी का ऐकाव्यात? म्हणून आवाज अडवणारं थरांचं छप्पर नव्यानं केलं, पण आकार तोच ठेवला आणि काचेच्या पट्ट्या पुन्हा बसवल्या. जिथून पूर्वी धूर बाहेर जायचा, तिथं आता काच आहे. दुपारी आत गेलात तर उजेड थेट मधोमध, टर्नटेबलच्या जागेवर पडतो. तिकीटखिडक्या, उपाहारगृह, जिने असं जे जे नव्यानं लागणार होतं, ते जुन्या गोलात कोंबलं नाही. बाजूला पोलाद आणि काचेची वेगळी वक्र इमारत जोडली. जुन्या विटांची नक्कल करायचा मोह त्यांनी टाळला, हे मला फार आवडलं. जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं, हे लहान मुलालाही कळतं.

पण माझा जीव आहे तो खालच्या मजल्यावर. वरच्या फरशीचा भार पेलायला खाली विटांच्या जाड भिंती आहेत, मध्यापासून बाहेर पसरत गेलेल्या. त्यांच्या मधल्या खोल्या भाकरीच्या चतकोरासारख्या, एका टोकाला निमुळत्या. नूतनीकरणात या खोल्यांचे स्टुडिओ झाले: ध्वनिमुद्रणाचे, तालमीचे, रेडिओचे, चित्रफिती जोडण्याचे. शाळकरी मुलांपासून पंचविशीपर्यंतच्या पोरांनी अगदी कमी पैशांत वापरायचे. कवितेचे गट आहेत, गायनवृंद आहे, सर्कशीच्या कसरती शिकवतात. आता वयाची मर्यादा तिशीपर्यंत नेली आहे, आणि २०२३ मध्ये शेजारी 'राउंडहाउस वर्क्स' नावाची आणखी एक इमारत उघडली, कलेच्या क्षेत्रात पोट भरायला निघालेल्या तरुणांसाठी.

माझा मुलगा तिथं जातो. त्याला ध्वनिमुद्रणाचं वेड आहे. घरात आम्हाला जे परवडलं नसतं ते सगळं त्याला तिथं हाताळायला मिळतं. शेजारच्या खोलीत सोमाली मुलगी रॅप करत असते, पलीकडे कुणी चेलो घेऊन बसलेलं असतं. लंडनमध्ये अशी जागा मिळवणं किती अवघड आहे ते इथं भाड्यानं राहणाऱ्याला विचारा. या आवाराच्या आसपास पूर्वी रेल्वेचं अख्खं मालधक्क्याचं राज्य होतं: कालवा, गोदामं, घोड्यांचे तबेले. त्यातलं बरंचसं आता बाजार झालं आहे. तबेल्यांत कपडे आणि कानातली विकतात. त्यात वाईट काही नाही, मीही घेते. पण तिथं पाऊल टाकलं की खिशात हात घालावा लागतो, आणि सोळा वर्षांच्या पोराला पैसे न मोजता तासभर थांबता येईल अशी जागा शहरात उरत नाही. शेडच्या खालच्या खोल्याही अशाच दुकानांना देता आल्या असत्या. तिथून रोख भाडं आलं असतं. ते केलं नाही. वरच्या तिकिटांचे पैसे आणि देणग्या खालच्या मुलांवर खर्च होतात, आणि म्हणूनच वरची महाग तिकिटं मला खटकत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात माझे वडील, नाना, आले होते. वय झालंय, गुडघे दुखतात, पण शेड म्हटल्यावर लगेच चप्पल घातली. दालनात शिरल्यावर त्यांनी स्टेजकडे पाहिलंच नाही. सरळ एका खांबाजवळ गेले, तळहातानं तो खालून वर चाचपला, बोटाच्या गाठीनं ठोकून आवाज ऐकला. "बीडच आहे. चोवीस असतील बघ," म्हणाले. मी मोजले. चोवीसच. खाली गेल्यावर भिंतींच्या जाडीवर हात ठेवून नातवाला म्हणाले, "एवढी जाडी उगाच नाही. वर भरल्या पाण्याची, कोळशाची इंजिनं उभी राहायची. तुमच्या ढोलाचं काय वजन!"

मुलाच्या गटानं तेव्हाच त्यांना आपल्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणासाठी माइकसमोर बसवलं. विषय: थंड इंजिन पेटवायचं कसं? नाना मराठी-हिंदी मिसळून सांगत होते, मुलगा इंग्रजीत सांगत होता. आधी काचनळीत बॉयलरचं पाणी बघायचं, पाणी नसेल तर काडी ओढायची नाही. मग जाळीवर कोळशाचा थर, त्यावर लाकडं आणि तेलात भिजवलेलं कॉटन वेस्ट, म्हणजे टाकाऊ सुताचे बोळे. आणि घाई नको. तासन् तास हळूहळू तापवायचं, नाहीतर पत्रे एकसारखे तापत नाहीत आणि नळ्या गळायला लागतात. एका मुलीनं विचारलं, तेवढ्या तासांत तुम्ही करायचात काय? नाना म्हणाले, "आम्ही दुसरं इंजिन दुरुस्त करायचो." त्यावर ती पोरं इतकी खूश झाली की तो भाग त्यांनी काटछाट न करता तसाच ठेवला.

मग मीच त्यांना एक धागा दिला. ही शेड रॉबर्ट डॉकरे यांनी बांधली ती रेल्वे अभियंते रॉबर्ट स्टीफनसन यांच्या हाताखाली. तेच स्टीफनसन आपल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे सल्लागार अभियंते होते, आणि बोरघाटाचा मार्ग आखणारे जेम्स बर्कली त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. १८६३ मध्ये घाट खुला झाला तेव्हा खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटी करून पुढचा चढ चढावा लागायचा, त्याचं रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ पर्यंत वापरात होतं. हे ऐकल्यावर पोरांनी पुढचा भाग घाटावरच करायचं ठरवलं. नाना भुसावळहून फोनवर बोलणार आहेत. कुणाकडे त्या रिव्हर्सिंग स्टेशनचे जुने फोटो असतील, किंवा घरात घाटात काम केलेलं कुणी असेल आणि बोलायला तयार असेल, तर मला जरूर कळवा. मराठीत बोललं तरी चालेल, भाषांतराला मुलगा आहे.