'नॉर्मल' रिपोर्ट

रेडिओलॉजिस्टला पेशंट भेटतो तो बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्या चित्रांत. नाव, वय, तक्रारीची एक ओळ, की लागलो आम्ही कामाला. माणूस बाहेर बाकावर बसलेला असतो, पण त्याच्याशी बोलायची पाळी आमच्यावर क्वचित येते. त्या दिवशी आली, तीही माझ्याच रिपोर्टमुळे.

नऊ वर्षांच्या मुलाचे वडील कागद घेऊन थेट आमच्या खोलीच्या दारात उभे. मुलाचं डोकं वरचेवर दुखायचं म्हणून एमआरआय झाला होता. रिपोर्टच्या शेवटी मी लिहिलं होतं, 'मेंदू नॉर्मल'. त्या दोन शब्दांखाली निळ्या पेनानं दोनदा रेघ मारलेली.

"मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो."

"मग झालं तर! शाळेतल्या बाई म्हणतात, याच्या चाचण्या करून घ्या. मेंदूत दोष नाही म्हणजे हा नुसता आळशी आहे."

मुलगा त्यांच्या मागे उभा राहून दारावरची चुंबकाची सूचना वाचत होता. मोठ्यानं, कुठेही न अडखळता.

या मुलाला न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ आहे. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग, काखेत बारीक ठिपके. साधारण तीन हजारांत एकाला होणारा हा आजार. सतराव्या गुणसूत्रावरचं त्याचं जीन १९९० मध्ये सापडलं. निम्म्या पेशंटांना तो आई किंवा वडिलांकडून येतो, बाकीच्यांत नव्यानेच उद्भवतो. या घरात तो कुठून आला हे विचारायची गरज नव्हती. वडिलांच्या मनगटाजवळ या आजारातल्या दोन-तीन मऊ गाठी दिसत होत्या.

त्यांच्या थोरल्या मुलीलाही तो आहे. बारा वर्षांची. दृष्टीच्या नसेवर गाठ तर नाही ना, या शंकेने महिन्यापूर्वी तिचाही एमआरआय झाला, तोही मीच पाहिला होता. गाठ नव्हती. पण टी-टू या एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रांत मेंदूच्या खोल भागात आणि लहान मेंदूत पांढरे ठिपके विखुरलेले होते. या आजाराच्या निम्म्याहून जास्त मुलांत ते दिसतात. आमच्यात त्यांना 'यूबीओ' म्हणतात, म्हणजे 'ओळख न पटलेल्या चकाकत्या वस्तू'. उडत्या तबकड्यांच्या चालीवर एवढं गंभीर नाव कोणाला सुचलं, देव जाणे! ते गाठी नव्हेत. मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या थरांत पाण्याचे बारीक फुगे धरतात, असं मानलं जातं. मूल मोठं होताना ते बहुधा फिके पडत जातात.

"मुलगी अभ्यासात कशी आहे?" मी विचारलं.

"ती हुशार आहे. प्रश्नच नाही."

मी दोघांची चित्रं शेजारी-शेजारी लावली. डावीकडे ठिपके, उजवीकडे स्वच्छ. कोणतं कुणाचं ते सांगितल्यावर वडील बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "उलटं झालंय का हे?" नावं अदलाबदल झाली असतील, असं त्यांना म्हणायचं होतं. खरं सांगते, मीही एकदा नावं तपासली.

उलटं काही नव्हतं. ठिपके आणि शिकण्यातली अडचण यांचा संबंध वर्षानुवर्षं शोधला जातोय. काही अभ्यासांत तो सापडला, काहींत नाही. थॅलॅमस या मेंदूच्या खोलातल्या भागातल्या ठिपक्यांबाबत पुरावा त्यातल्या त्यात बरा. पण समोरच्या एका मुलाबद्दल ठिपके मोजून काही सांगता येत नाही. ठिपके नाहीत म्हणून तर मुळीच नाही. या आजारात निम्म्या किंवा त्याहून जास्त मुलांना शिकताना काही ना काही जड जातं. दोष पेशींच्या आतल्या कारभारात असतो, तो आमच्या चित्रात उमटेलच असं नाही.

त्यांना घेऊन मी खालच्या मजल्यावर मानसतज्ज्ञ मैत्रिणीकडे गेले. तिने मुलापुढे पंख्यासारख्या मांडलेल्या अकरा रेषा ठेवल्या. वर दोन सुट्या तिरप्या रेषा. त्या पंख्यातल्या कोणत्या, एवढंच ओळखायचं. सूचना भराभर वाचणारा मुलगा इथे घामाघूम झाला. एक बरोबर, पुढचे चार चूक. मग तिने त्याची गणिताची वही मागितली. वजाबाक्यांवर लाल फुल्याच फुल्या. तिने एका गणितावर बोट ठेवून त्याला तोंडी विचारलं. हातचा घेऊन त्याने बरोबर उत्तर दिलं. वहीत मात्र खालची संख्या एक घर सरकलेली, एकक दशकाखाली. पुढच्या गणितात तेच. त्याच्या पुढच्याही.

"याला वजाबाकी येते हो," ती म्हणाली. "याला रकाना दिसत नाही."

वडील वही उलटीसुलटी करत राहिले. मुलगा त्यांच्याकडे न बघता खोडरबर चुरत होता.

पुढचं तिने भराभर सांगितलं. मोठ्या चौकटींची वही, फळ्यावरून उतरवायला जास्त वेळ, एका वेळी एकच सूचना. लक्ष टिकण्याची चाचणीही लवकरच करायची, कारण या मुलांत ती अडचण बरीच आढळते आणि तिच्यावर औषध असतं.

वर येऊन मी रिपोर्टला पुरवणी जोडली: 'या तपासणीवरून मुलाच्या शिकण्याच्या क्षमतेबद्दल कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.' वडिलांनी ती ओळ दोनदा वाचली. खिशातून तेच निळं पेन काढलं आणि खाली रेघ मारली.

"याच्यावर शिक्का द्या मॅडम," ते म्हणाले. "घरी याच्या आजोबांना दाखवायचंय."