नात्याचा रकाना

मी साताऱ्यात पोस्टात आहे, २००६ पासून. त्यातली बरीच वर्षं बचत खात्याच्या काउंटरवर गेली. अर्जात वारसाचं नाव, वय, पत्ता झाला की एक रकाना उरतो: नाते. मंडईत भाजी विकणाऱ्या आजीबाई येतात. त्या सांगतात, मी लिहिते. सून. धाकटा मुलगा. एका आजींनी पुतण्याचं नाव सांगितलं, मी लिहून होईस्तोवर हात धरला, "न्हाई, खोड ते. लेकीला लाव." काय मनात आलं असेल त्या दोन मिनिटांत, मी आजही विचार करते. लोकांचे असे हजारो रकाने भरलेत मी. माझ्या स्वतःच्या आरडीवर तिथे लिहिलंय: मैत्रीण.

ती मैत्रीण म्हणजे बाई. मराठी शाळेत शिक्षिका आहे, गल्लीतली पोरं तिला बाई म्हणतात, म्हणून मीही. २०११ पासून आम्ही एकमेकींच्या आहोत. ती खटाव तालुक्यातल्या मराठा घरातली. मी बौद्ध. तिच्या घरच्यांना मी "रूममेट" म्हणून माहीत आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा सगळ्यांना स्टीलच्या कपात चहा आला आणि मला कागदी ग्लासात. दुसऱ्यांदाही तसंच. बाईनं तेव्हा आपला कप बाजूला ठेवला, आत जाऊन स्वतःसाठी कागदी ग्लास घेऊन आली आणि माझ्याशेजारी बसली. कोणी काही बोललं नाही. मी त्या दिवशी ठरवलं की हिला सोडायचं नाही.

२०१८ पर्यंत तिची शाळा पाटणच्या वरच्या अंगाला, पवनचक्क्यांच्या पठाराकडे होती. द्विशिक्षकी शाळा, ११ पोरं. साताऱ्यापासून साठ किलोमीटरच्या वर, आणि शेवटचा टप्पा पायी. तिथे पाऊस लागला की उघडायचं नाव नाही, त्यामुळे खोली करूनच राहावं लागायचं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की निघायची, तीन-साडेतीनला स्टँडवर उतरायची. साडीच्या काठाला लाल माती वाळून कडक झालेली असायची. रविवारी रात्री मी ती काठावरून घासून काढायचे. सोमवारी पहाटे पुन्हा एसटी.

त्या वर्षी शिक्षकांच्या बदल्या पहिल्यांदा ऑनलाइन झाल्या. २७ फेब्रुवारी २०१७ चा शासन निर्णय होता, आम्ही दोघींनी तो ओळ न ओळ वाचला. त्यात एक सोय आहे, पती-पत्नी एकत्रीकरण. नवराबायकोच्या नोकरीच्या गावांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर जोडीदाराजवळची शाळा मागता येते. जोडीदार केंद्र सरकारच्या नोकरीत असला तरी चालतो. म्हणजे मी. अंतर दुप्पट होतं, नोकरी बसत होती. फक्त मी पती नव्हते.

त्याच निर्णयात आणखी एक यादी आहे, आधी प्राधान्य मिळणाऱ्यांची. गंभीर आजारी, दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, कुमारिका. बाई त्यातल्या शेवटच्या शब्दात बसत होती. रात्री सर्व्हर जरा हलका चालतो म्हणून आम्ही अकरानंतर बसलो होतो. ती त्या चौकोनावर बाण ठेवून बराच वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, "सात वर्षं झाली गं आपल्याला." आणि क्लिक केलं.

बदली झाली. साताऱ्यापासून चौदा किलोमीटर. आता रोज संध्याकाळी घरी असते, मला त्याचं सुख आहे, ते मी कमी लेखणार नाही. पण ते सुख आम्हाला आम्ही एकमेकींच्या कोणी नाही असं लिहून देऊन मिळालं.

त्याच वर्षी ६ सप्टेंबरला समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल आला. गुन्हा राहिला नाही. नातं मात्र कुठल्याच कागदावर आलं नाही.

मग २०२१ च्या डिसेंबरात माझ्या मावसभावानं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मुलगी मराठा. १९५४ चा विशेष विवाह कायदा, ३० दिवस आधी नोटीस, फळ्यावर नावं. मुलीकडचे लोक येऊन गोंधळ घालतील म्हणून आम्ही सगळे महिनाभर श्वास धरून होतो. या कायद्याला तीन साक्षीदार लागतात. एक मुलीचा मित्र, दुसरी मी, तिसरी बाई. दोघींनी एकाखाली एक सह्या केल्या. खाली सरकारी शिक्का बसला, शाई अजून ओली होती, बाईनं ती पुसली जाऊ नये म्हणून हातानं वारा घातला. आमची दोघींची नावं एकत्र असलेला तो पहिला सरकारी कागद. त्याची झेरॉक्स मी मागून घेतली.

पुढे त्या दोघांना आंतरजातीय विवाहाचं ५० हजार रुपयांचं प्रोत्साहन अनुदान मिळालं. मिळायलाच हवं. आमची जोडी तशीच आहे, एक बौद्ध, एक मराठा. आम्ही तीच रेघ ओलांडली, तोच अपमान गिळला. आमच्यातली एक पुरुष असती तर सरकारनं पाठ थोपटली असती.

मी ज्या गावात राहते तिथे बाबासाहेबांचं बालपण गेलं. ७ नोव्हेंबर १९०० ला ते इथल्याच शाळेत दाखल झाले, म्हणून तो विद्यार्थी दिन. भीमाबाईंची समाधी इथेच आहे, आई मला लहानपणी हाताला धरून न्यायची. जातीवरचा खरा उपाय आंतरजातीय विवाह आहे हे त्यांनी १९३६ मध्ये लिहिलं, आणि हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडलं. कोणी कोणाशी लग्न करायचं हे ज्यांच्या हातात, समाज त्यांच्या हातात, हे त्यांना नेमकं माहीत होतं. काही मैत्रिणी मला म्हणतात, लग्नसंस्थाच मोडीत काढायला हवी, तू तिच्यात जायला कशाला धडपडतेस? त्यांचं म्हणणं मला कळतं. पण माझ्या लोकांना दाराबाहेर उभं राहायचा अनुभव फार जुना आहे. आत जायचं की नाही हे मी ठरवीन. आधी दार उघडा.

१७ ऑक्टोबर २०२३. मंगळवार, नवरात्राची तिसरी माळ, लाल रंग. ऑफिसातल्या आम्ही सगळ्याजणी लाल साड्या नेसून आलो होतो. मी एका कानात इअरफोन घालून, पदर त्यावरून घेऊन, समलिंगी विवाहाचा सर्वोच्च न्यायालयातला निकाल ऐकत होते. सरन्यायाधीश चंद्रचूड आधी वाचत होते आणि मला वाटलं झालं, मिळालं. बाईला मेसेजही टाकला. मग न्यायमूर्ती भट वाचायला लागले. तीन विरुद्ध दोन. विवाहाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही जणांचं एकमत, आणि आमच्या नात्याला कायदेशीर मान्यता देणं न्यायालयाचं काम नाही असं तिघांचं मत. समोर एक काका पासबुक घेऊन उभे होते. मी ते भरून दिलं. मग फोटो काढायला सगळ्यांनी बोलावलं. त्या फोटोत मी आहे.

रात्री झोप येईना म्हणून फोनवर वाचत बसले. अमेरिकेत मिल्ड्रेड नावाची एक कृष्णवर्णीय बाई होती. १९५८ मध्ये तिनं रिचर्ड लव्हिंग या गोऱ्या माणसाशी लग्न केलं. त्यांच्या व्हर्जिनियात असं लग्न बेकायदा, म्हणून वॉशिंग्टनला जाऊन केलं. परत आल्यावर पोलिसांनी रात्री घरात शिरून दोघांना अटक केली. त्यांची केस १२ जून १९६७ ला सर्वोच्च न्यायालयात जिंकली गेली. त्याला ४० वर्षं झाली तेव्हा, २००७ मध्ये, म्हाताऱ्या मिल्ड्रेडनं निवेदन काढलं की हा हक्क समलिंगी जोडप्यांनाही हवा. दुसऱ्याच वर्षी ती गेली. आणि ९ मार्च २०१० ला त्याच वॉशिंग्टनमध्ये समलिंगी विवाह सुरू झाले, तेव्हा पहिलं लग्न लागलं ते दोन कृष्णवर्णीय बायकांचं. त्या दोघींना साऱ्या देशात हा हक्क मिळायला २०१५ उजाडलं. हे सगळं मी अंधारात बाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परत वाच, म्हातारीचं."

सकाळी आईचा फोन. "कोर्टानं न्हाई म्हटलं म्हंजे आता काय झालं?"

"काही नाही आई. आहे तसंच."

"मग नीट जेवा दोघी."

आईला मी खरं सांगितलं नाही. २०१९ मध्ये आम्ही गोडोलीत वन बीएचके घेतला. कर्ज दोघींच्या नावावर मागितलं तर बँक म्हणाली, रक्ताचं नातं नाहीतर नवराबायको. मग फ्लॅट बाईच्या नावावर झाला, अर्धा हप्ता मी देते. वारस लावण्याचं काम मीच करते, त्यामुळे मला पक्कं ठाऊक आहे: वारस म्हणून नाव लावलं की फक्त पैसे हातात येतात, मालकी येत नाही. मालकी कायद्यानं ठरते. अविवाहित स्त्री मृत्युपत्र न करता गेली की तिचं सगळं आईवडिलांकडे जातं, ते नसले तर वडिलांच्या वारसांकडे. म्हणजे बाईच्या भावांकडे. कागदी ग्लासवाल्या घरात. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं सांगितलं की समलिंगी जोडप्यांना संयुक्त खातं काढायला, एकमेकांना नॉमिनी करायला अडचण नाही. चांगलं झालं, पण यानं मालकी हलत नाही. ९ जानेवारी २०२५ ला विवाहाच्या निकालावरच्या पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

त्याच महिन्यात आम्ही मृत्युपत्र करायला गेलो. वकील सज्जन आहेत, वयस्कर. मसुदा मोठ्यानं वाचत ते माझ्या नावापर्यंत आले आणि पुढे वाचलं, "माझ्या परिचित".

बाई म्हणाली, "परिचित खोडा."

"मग काय घालू? कायद्यात तुमच्यासाठी शब्द नाही हो."

"जोडीदार घाला. मृत्युपत्र माझं आहे ना सर?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि टाइप करणाऱ्या मुलाला शब्द सांगितला. तो मुलगा एकदा आमच्याकडे बघून पुन्हा कीबोर्डकडे वळला. मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात. मावसभाऊ आणि त्याची बायको बाहेर बाकड्यावर बसले होते, त्यांना आत बोलावलं. भावाच्या बायकोनं सही करायच्या आधी ती ओळ वाचली, मग पेन बाईच्या हातून घेतलं आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं.